एक चिठ्ठी कमी

१

शेवटचा गठ्ठा रबरबँडमध्ये बांधून झाला. चिठ्ठ्या मोजणाऱ्या मुलीने मान वर केली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"साहेब, परत मोजू का?"

परत मोजलं. मग शेजारच्या टेबलावरच्यांनी मोजलं. मग मोठे साहेब स्वतःच चष्मा पुसून बसले आणि ओठ हलवत, लहान मुलाने पाढे म्हणावेत तसे मोजत गेले. प्रत्येक वेळी आकडा तोच. यंत्रात जेवढी मतं होती, त्याहून पेटीत एक चिठ्ठी कमी.

मतदाराने बटण दाबलं की यंत्राशेजारच्या छोट्याशा काचेत दिवा लागतो आणि एक चिठ्ठी दिसते. मत कुठल्या चिन्हाला गेलं ते त्यावर छापलेलं असतं. क्षणभर थांबून पातं ती कापतं आणि ती खालच्या बंद पेटीत पडते. माणसाला आपल्या डोळ्यांनी बघता यावं, यंत्र आपल्याशी खोटं बोललं नाही म्हणून मनाची खात्री व्हावी, एवढ्यासाठीच ती चिठ्ठी. निकालाच्या दिवशी सोडत काढून काही केंद्रांच्या पेट्या उघडतात आणि यंत्राशी ताडून बघतात. यंदा या शाळेतलं केंद्र सोडतीत निघालं होतं.

छत्री चिन्हाच्या चिठ्ठ्या बरोबर जुळल्या. किरकोळ उमेदवारांच्याही जुळल्या. कमी होती ती शिडीची. तिथे शिडी दणकून हरली होती आणि छत्री जिंकली होती. त्या एका चिठ्ठीने निकालाला टाचणीएवढाही फरक पडत नव्हता.

पण फाटकाबाहेर जमलेल्यांतल्या कुणीतरी ओरडून विचारलं, "एक गेली ती दिसली. न दिसलेल्या किती गेल्या?"



पेटीचं सील शाबूत होतं, लाखही शाबूत होती. दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी कागदी पट्टीवरच्या आपापल्या सह्या ओळखल्या आणि पट्टी कुठे हललेली नाही हे कबूल केलं. म्हणजे पेटी मध्ये कुणी उघडलीच नव्हती. मग आतली चिठ्ठी गेली कुठे?

मोठ्या साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"भिंगबाईंना बोलवा," ते म्हणाले.

२

भिंगबाई हे नाव तिला कचेरीने पाठीमागे दिलं होतं, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. चौकशी विभागात ती सगळ्यांत लहान. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच कामावर परतलेली. तिच्या पिशवीत फायलींच्या बरोबरीने पोरीचं लाळेरं, खुळखुळा आणि तापाचं औषध असायचं. वेळ मिळेल तेव्हा ती विचार करायची, आणि वेळ मिळायचा तो पोर झोपल्यावर.

चौकशीचा हुकूम निघायला तीन दिवस गेले; मग साहेबांनी तिला थोडक्यात सांगितलं. "उद्या संध्याकाळी दोन्ही पक्षांसमोर अहवाल वाचायचा. तोवर उलगडा झाला नाही तर केंद्राध्यक्षावर चोरीचा गुन्हा दाखल करावा लागेल. माझ्या हातात काही राहिलेलं नाही."

केंद्राध्यक्ष म्हणजे शाळेतले भूगोलाचे सर. ती त्यांच्या घरी पोचली तेव्हा कुंपणाच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: चिठ्ठीचोर.

सर दारातच उभे होते. "वाचलंत? अक्षर ओळखलं मी. मागच्या बाकावरचा आहे. सांगून सांगून थकलो, ठ नीट काढ म्हणून. अजून तसाच काढतो."

आत सरांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि ती तिथेच उभी राहिली. "तुम्ही तरी विचारा यांना. निकाल लागल्यापासून धड जेवले नाहीत. मला म्हणतात, रागव हवं तर, पण विचारू नकोस. आता इतक्या वर्षांच्या संसारात मी कधी न विचारता रागावलेय का?"

सर हसले. ते हसू ओठांच्या कडेलाच विरून गेलं.

"चिठ्ठी कुठे गेली, सर?"

"हरवली."

"सीलबंद पेटीतून?"

"माझ्या हातून. चूक माझी. तसं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"हरवली कशी?"

टेबलावर पृथ्वीचा जुना गोल होता. सरांनी तो हलकेच फिरवला आणि तो थांबेपर्यंत बघत राहिले. 

ती निघाली तेव्हा ते फाटकापर्यंत सोडायला आले. बायको ऐकणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "बाई, माझ्यावर गुन्हा दाखल झाला तरी चालेल. खोलात मात्र जाऊ नका. खोलात गेलात तर वाटोळं माझं नाही, तिसऱ्याच कुणाचं तरी होईल."

३

यंत्राचा इंजिनियर कचेरीच्या बाकावर अंग चोरून बसला होता. मतदानाच्या दिवशी दुपारी बॅटरी बदलायला तो केंद्रावर गेला होता, आणि तेवढंच गावाला पुरेसं झालं होतं.

"लोक म्हणतात, मी मोबाइलवरून यंत्र फिरवतो," तो म्हणाला. "अहो मॅडम, या मोबाइलवरून मला धड आईला फोन लावता येत नाही. परवा तिलाही कुणीतरी सांगितलं. ती मला विचारते, तू खरंच असं काही करतोस का रे? मी म्हटलं, करता आलं असतं तर आधी तुझी पेन्शन नसती का सुरू केली?"

"चिठ्ठ्यांचं यंत्र दाखव मला."

त्याने तसलंच दुसरं यंत्र समोर ठेवलं. वर एक कप्पा. त्यात कागदाची गुंडाळी, बॅटरी आणि पातं. खाली चिठ्ठ्यांची पेटी. पेटी सकाळी सगळ्यांसमोर रिकामी दाखवून बंद करतात. त्यानंतर आत जायला वाट एकच, पात्याखालची बारीक फट.

"आणि वरचा कप्पा?"

"तो उघडावा लागतो. बॅटरी बदलताना, आणि मतदान संपल्यावर बॅटरी काढून घेताना. मी दुपारी उघडला तो सगळ्यांच्या नाकासमोर. तुम्ही वकीलबाईंनाच विचारा. त्या तर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांचा श्वास लागत होता मानेला."

वकीलबाई शिडीच्या प्रतिनिधी. केस पांढरे, पाठ ताठ. त्यांनी भिंगबाईला बस म्हटलं नाही.

"इंजिनियर पोरगा सच्चा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला छळू नका. सरांचं विचारा मला. दिवसभर नियमावर बोट ठेवून बसला होता तो माणूस. माझ्या पर्सला पक्षाच्या रंगाचा रुमाल बांधला होता, तोसुद्धा सोडायला लावला. मला बरं वाटलं. म्हटलं, असा माणूस हवा. आणि अगदी शेवटी, फाटक बंद झाल्यावर, पुठ्ठ्याच्या आडोशामागे काहीतरी गडबड झाली. आम्ही उठलो. यंत्र अडलं तर प्रतिनिधींना दाखवायचं, असा नियमच आहे. तर हे धावत पुढे गेले आणि म्हणाले, पडली, पडली, बसा. नंतर बॅटरी काढायला वरचं झाकण उघडलं ते आमच्याकडे पाठ करून."

"तुम्ही हटकलं नाहीत?"

"हटकलं. म्हणाले, एक मिनिट. आयुष्यभर मी साक्षीदार बघितलेत. ती पाठ खोटं बोलत होती." त्या पहिल्यांदाच जरा हळू बोलल्या. "माझी शिडी पडली, ते जाऊ दे. हरायची सवय आहे आम्हाला. मला मत परत नकोय. मला उत्तर हवंय. त्या पाठीआड काय होतं?"

४

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "तुझा चोर सापडायचा तेव्हा सापडेल. हिला दात येतोय आणि तापही आहे. बाटली संपलीये. येताना औषध घेऊन ये, आणि हो, स्वतःही ये."

औषधाच्या दुकानात गर्दी होती. बिलाचं यंत्र मध्येच अडकलं. दुकानदाराने त्याच्यावर एक टपली मारली, मग वैतागून कागदाचं टोक चिमटीत धरलं आणि टर्रकन ओढून तिच्या हातात दिलं.

"कापलं जात नाही हो हल्ली. ओढूनच द्यावं लागतं."

तिने बिलाकडे बघितलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं बिल काउंटरवर पडलं होतं, त्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. तिच्या हातातल्या बिलाची कड तिरकी होती आणि तिच्यावर कागदाचे बारीक तंतू उभे राहिले होते.

घरी जाऊन तिने पोरीला औषध पाजलं, खांद्यावर घेऊन झोपवलं. ते तापलेलं डोकं मानेला टेकलेलं असताना तिच्या मनात मात्र एक गुंडाळी उलगडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पक्षांच्या माणसांसमोर तिने यंत्राचा वरचा कप्पा उघडायला लावला. सगळे पेटीकडे बघत होते. ती गुंडाळीकडे बघत होती.

इतर यंत्रांत गुंडाळीची कड सरळ होती. पात्याने कापलेली. इथे ती तिरकी होती, फाटलेली, तंतू उभे.

तिने झाकण लावलं आणि सही केली. पण आता चिठ्ठी कुठून गेली ते तिला कळलं होतं. ती पेटीतून गेलीच नव्हती, कारण ती पेटीत पोचलीच नव्हती. काचेतच अडकली होती, आणि कुणीतरी ती हाताने ओढून फाडली होती. तिच्यानंतर गुंडाळीतून एकही चिठ्ठी निघाली नव्हती. म्हणजे ती दिवसाची शेवटची.

शेवटचं मत कुणाचं होतं?

५

बोटाला शाई लावायला केंद्रावर दवाखान्यातल्या सिस्टर बसल्या होत्या. त्यांना आठवायला वेळ लागला नाही.

"शेवटच्या ना? वहिनी. दादांची बायको." दादा म्हणजे छत्रीचे प्रतिनिधी, बांधकामाचे कंत्राटदार. सगळं गाव त्यांना दादा म्हणतं, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. "शाई लावायला बोटच नव्हतं हो धड. दोन बोटं एकत्र पट्टीत बांधलेली. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, स्वयंपाकघराच्या दारात सापडली. मी दुसऱ्या बोटाला लावली."

"आणि आत गेल्यावर?"

"आत गेल्यावर त्यांचा आवाज आला. सर, ही पडत नाहीये. बस, तेवढंच. दादा खुर्चीवरून ताडकन उठले. काय झालं गं? असं. वकीलबाईही उठल्या. पण सर त्यांच्या आधी पोचले."

दादांचं घर नवं होतं, गुळगुळीत फरशीचं. दादांनी तिचं दिलखुलास स्वागत केलं.

"या, या, भिंगबाई! भिंग आणलंय ना बरोबर? आमच्या घरात फार धूळ सापडेल, आधीच सांगतो." आणि मान न वळवता, "अगं, चहा टाक."

आतून कप मांडल्याचा आवाज झाला, जणू ती हाक येण्याआधीच कप हातात घेऊन उभी होती.

"शेवटचं मत तुमच्याच घरचं होतं म्हणे."

"हो! दिवसभर हिला सवडच होईना. शेवटी निरोप धाडला. म्हटलं, ये लवकर, घरचं मत वाया जाईल." ते हसले. "आमच्या घरात दोन मतं नसतात, बाई. मी सांगायचं, हिने मान हलवायची. सुखाचा संसार."

"यंत्र अडलं होतं का त्या वेळी?"

"छे! हिला कळत नाही त्यातलं. सर म्हणाले, पडली. संपलं. ती चिठ्ठी शिडीची गेलीये ना? मग शोधू द्या शिडीवाल्यांना त्यांच्यातला चोर. आमच्या चिठ्ठ्या जिथल्या तिथे आहेत."

वहिनी चहा घेऊन आल्या. कडेवर मूल, साधारण तिच्या पोरीएवढंच. पट्टीतल्या बोटांनी कप धरता येत नव्हता म्हणून तळहातावर बशी तोलली होती. दादांनी कप घ्यायला सहज हात वर केला, आणि मुलाने आईच्या खांद्यात तोंड खुपसलं.

भिंगबाईने नजर खाली घेतली. मग वर, वहिनी आल्या त्या बाजूला. स्वयंपाकघराच्या चौकटीला एक फुलाफुलांचा पडदा होता.

तिथे दार नव्हतंच.

६

"मी सांगते, सर," ती म्हणाली. "चुकलं तर थांबवा."

सरांच्या ओसरीत दोघंच होते. भिंतीवर पलीकडून कुणीतरी दगड मारला, तो कुंपणातच पडला. सरांनी तिकडे बघितलं नाही.

"शेवटचं मत वहिनींचं. चिठ्ठी काचेत अडकली, दिवा तसाच राहिला. नियमाप्रमाणे प्रतिनिधींनी येऊन बघायचं. त्यातला एक प्रतिनिधी त्यांचा नवरा. तुम्ही आधी पोचलात. काचेत चिन्ह दिसत होतं."

"मला बघायचं नव्हतं," सर म्हणाले. "देवाशपथ, बाई, मला बघायचं नव्हतं. दिसलं."

"छत्री नव्हती."

सरांनी मान हलवली.

"आणि कमी भरलेली चिठ्ठी शिडीची. ती शेवटच्या मतदाराची होती एवढं जरी बाहेर कळलं, तरी त्या माणसाला दोन अधिक दोन करता येतं."

"मागून पावलं ऐकू आली," सर आता सावकाश बोलत होते, जणू प्रत्येक शब्द हातात घेऊन ठेवत होते. "त्यांच्या बोटांकडे माझं लक्ष गेलं. मग त्यांच्याकडे. त्या काही बोलल्या नाहीत. मी मागचं बटण बंद केलं, दिवा विझला. म्हटलं, पडली, बसा. आधीची ओळख? छे हो. त्या दादांच्या कोण, हे ते उठून ओरडले तेव्हा कळलं. नंतर बॅटरी काढायला झाकण उघडणं भाग होतं, आणि ती तिथेच लोंबत होती. सगळ्यांनी वाचली असती. फाडली. फटीतून आत ढकलायला हवी होती, कळतंय मला, पण मागून वकीलबाईंनी हटकलं. मूठ मिटली. तेवढ्यात चहा आला."

"मग?"

"चहाबरोबर गिळली."

ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरही हसले. आतून बायकोचा आवाज आला, "काय झालं?" "काही नाही," सर म्हणाले.

"खरं सांगितलंत तर चोरीचा डाग जाईल, सर."

"आणि तो डाग कुणाच्या अंगावर उमटेल?" त्यांनी पृथ्वीचा गोल जवळ ओढला, पण फिरवला नाही. "लोकांनी यंत्रावर विश्वास ठेवावा म्हणून आपण त्यांना चिठ्ठी दाखवतो. पण त्या बाईंनी नुसत्या मोजणीवर विश्वास ठेवला नव्हता. पुठ्ठ्याच्या आड काय केलं ते तिथेच राहील, यावर ठेवला होता. घरात त्यांना पडद्याइतकाही आडोसा नसेल. तो पुठ्ठा एवढाच होता. आता तो मी काढून घेऊ?"

 अहवाल संध्याकाळी वाचायचा होता.

७

दुपारी ती कचेरीत कोऱ्या कागदासमोर बसली होती, तेव्हा दाराशी कुणीतरी खाकरलं.

वहिनी होत्या. कडेवर मूल, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. चप्पल दाराबाहेर काढून आत आल्या, कचेरीत कुणी काढत नाही तरी.

"बाजारात जाते म्हणून निघालेय," त्या भराभर बोलू लागल्या. "थांबायला वेळ नाही. मला सांगायचंय. ती चिठ्ठी..."

"बसा," भिंगबाई म्हणाली.

"नको. त्या सरांना उगाच लोक... भिंतीवर लिहिलंय म्हणे. माझ्यामुळे. त्यांनी काही केलं नाही, ती चिठ्ठी मा..."

"थांबा!"

इतक्या जोरात म्हणाली की मूल दचकलं. ती टेबलाला वळसा घालून पुढे आली आणि दार लोटून घेतलं.

"ऐका माझं. तुम्ही पुढचा शब्द बोललात तर मला तो ऐकावा लागेल. ऐकला तर लिहावा लागेल. लिहिला तर संध्याकाळी मोठ्याने वाचावा लागेल. आणि समोर पहिल्या रांगेत कोण बसणार आहे, ते तुम्हाला माहितीये."

वहिनींचे ओठ अर्धवट उघडे राहिले.

"मी काही ऐकलेलं नाही," भिंगबाई हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही बाजारात जाताना बाळाला पाणी पाजायला थांबलात."

तिने खरंच पाणी आणलं. वहिनींनी वाटीने मुलाला पाजलं. पट्टीतली बोटं वाटीपासून लांब, हवेत धरलेली.

"बोटांना दवाखान्यात दाखवा," भिंगबाई म्हणाली. "शाईवाल्या सिस्टर तिथेच असतात. त्या दाराबिराचं काही विचारणार नाहीत. आणि कधी घराबाहेर पडावंसं वाटलं, कुठल्याही वेळी, तर कुठे जायचं ते त्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे."

वहिनींनी मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. दाराशी जाऊन त्या चपला पायात सरकवू लागल्या, आणि मग मागे न वळता विचारलं, "एक विचारू? चिठ्ठी गेली म्हणजे... ते मत मोजलं नाही का?"

"मोजलं. यंत्रात आहे. जसं दिलं तसंच आहे."

"तसंच?"

"तसंच."

त्यांनी मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "पहिल्यांदाच दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मनाने."

आणि गेल्या.

८

संध्याकाळी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. भिंगबाईने अहवाल वाचला. खूप छोटा होता. यंत्रातली मतं अचूक आहेत. पेटीला कुणी हात लावलेला नाही. एक चिठ्ठी मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षांच्या हातून निष्काळजीपणे नष्ट झाली; कुठली आणि केव्हा, ते त्यात नव्हतं. चोरी नाही, पैसा नाही, कट नाही. केंद्राध्यक्षांनी चूक मान्य केली आहे.

त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. "निष्काळजीपणे" सोडून. तो शब्द सरांनी स्वतः मागून घेतला होता.

दादा पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. "बघा!" ते मागे वळून म्हणाले. "पोरांना जग शिकवतात आणि एक कागद सांभाळता येत नाही." आजूबाजूचे हसले.

वकीलबाई उभ्या राहिल्या. हसणं थांबलं.

"नष्ट झाली, हे कळलं," त्या म्हणाल्या. "का झाली? त्या माणसाने आमच्याकडे पाठ का केली? मी हेच विचारलं होतं, आणि याचंच उत्तर यात नाही. एका वेळी एक गोष्ट लपवलीत, बाई, तर पुढच्या वेळी आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

भिंगबाई त्यांच्याकडे बघत राहिली. या सभागृहात सर्वांत बरोबर बोलत होती ती हीच बाई. हिलाच तिला काही सांगता येत नव्हतं.

"माझ्याकडे याहून अधिक काही नाही," ती म्हणाली. नोकरीत पहिल्यांदाच भिंगबाईने नजर चुकवली. वकीलबाईंनी ते बघितलं. त्या हळूच खाली बसल्या, आणि तिला वाटलं, त्यांची पाठ थोडी वाकली.

मागच्या भिंतीला टेकून सर उभे होते. चोरीचा गुन्हा टळला, पण शाळेने त्यांना घरी बसवलं. पुन्हा कुठल्याही मतदानाचं काम त्यांना मिळणार नव्हतं. बाहेर लोक म्हणत होते ते म्हणतच राहिले.

पुढे एका सकाळी पोरीला लस टोचून आणताना भिंगबाईची रिक्षा सरांच्या गल्लीतून निघाली. कुंपणाच्या भिंतीवर तोच शब्द पुन्हा ताजा लिहिलेला होता. आणि भिंतीशी एक बाई पाठमोरी उभी होती, कडेवर मूल घेऊन. ओल्या फडक्याने ती अक्षरं पुसत होती. दोन बोटं पट्टीत, म्हणून फडकं तळव्याने दाबून, खाली वर, खाली वर.

खिडकीत सर उभे होते. ते बाहेर आले नाहीत. हाकही मारली नाही. ओळख दाखवायचीच नव्हती. फक्त त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

कोपऱ्यावर स्कूटरचा हॉर्न वाजला. वहिनी थबकल्या. फडकं पिशवीत कोंबलं, पदर पुढे ओढला आणि झपाझप निघून गेल्या. हॉर्न दुसऱ्याच कुणाचा होता, पण त्या थांबल्या नाहीत.

भिंतीवर "चोर" राहिला होता.

भिंगबाई रिक्षातून उतरली. पोर खांद्यावर झोपली होती. तिने पिशवीतून लाळेरं काढलं, पाण्याच्या बाटलीतून ओलं केलं आणि उरलेली अक्षरं पुसायला लागली.